जीर्णोद्धार कोणत्या तारखेचा?

मराठीत नाट्यगृहांविषयी जे लेखन झाले आहे ते बहुतांशी नटांविषयी, गायकांविषयी आणि त्यांच्या आठवणींविषयी आहे. कोणी कोणत्या रंगमंचावर कोणते पद गायिले, किती वेळा 'वन्स मोअर' मिळाला, प्रयोग पहाटेपर्यंत कसा रंगला, याची वर्णने आपण शाळेपासून वाचत आलो. परंतु नाट्यगृह ही वास्तू स्वतःच काही म्हणत असते, याकडे आपल्या समीक्षेने फारसे लक्ष दिलेले नाही. कोण कुठे बसेल, कोणाचा आवाज कोणापर्यंत पोचेल आणि कोण दाराबाहेर राहील, हे पहिली घंटा होण्यापूर्वीच ठरलेले असते. म्हणून नाट्यगृहही ग्रंथासारखे वाचता येते. आणि ज्यांना शतकानुशतके दाराबाहेर ठेवले गेले त्यांनी तर ते वाचलेच पाहिजे.

या दृष्टीने मी येथे मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाउसचा विचार करणार आहे. मी घाटकोपरला राहतो आणि उपनगरातल्याच एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. माझ्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. हे सांगण्याचे कारण एवढेच की, मी या वास्तूकडे कोठून पाहतो हे वाचकाला ठाऊक असावे. समीक्षक कोठेच उभा नसतो, असा जो एक आविर्भाव प्रस्थापित समीक्षेत असतो तो मला मान्य नाही.

ऑपेरा हाउसची कल्पना मॉरिस बँडमन आणि जहांगीर फ्रामजी कराका या दोघांची. बँडमन हा कलकत्त्यात नाव कमावलेला रंगभूमीचा व्यावसायिक, तर कराका हे कोळशाच्या दलालीतले पारशी गृहस्थ. १९११ साली बादशहा पंचम जॉर्ज हिंदुस्थानात आला तेव्हा इमारत पुरी झालेली नव्हती. तरीही उद्घाटन त्याच्याच नावावर लागले, आणि राहिलेले काम पुढे काही वर्षे चालू राहिले. युरोपातल्या बरोक शैलीची ती घडण, सोनेरी नक्षी, झुंबरे, रंगीत काचा आणि श्रीमंतांसाठी स्वतंत्र बॉक्स. साहेबाला लंडनची आठवण यावी आणि साहेबाच्या शेजारी बसणाऱ्या हिंदी धनिकाला आपण लंडनमध्ये आहोत असे वाटावे, असा तो सगळा थाट होता.

याच १९११ सालाच्या आसपास आमचा समाज कोठे होता? १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी भारतमंत्र्यांकडे अर्ज केला, की महारांना सैन्यात पुन्हा प्रवेश द्यावा. ज्यांच्या बापजाद्यांनी कंपनीच्या पलटणींत रक्त सांडले त्यांना 'सैन्यास अयोग्य' ठरवून बाहेर काढण्यात आले होते. १९११ साली भीमराव आंबेडकर हे मुंबईतच, एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत होते. आणि त्याच १९११ साली ना. म. जोशी यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. या तिन्ही गोष्टी ऑपेरा हाउसच्या इतिहासात येत नाहीत, आणि त्या तिथे याव्यात असा माझा आग्रहही नाही. पण '१९११' ही तारीख उच्चारल्यावर एका वर्गाला बादशहा आठवतो आणि दुसऱ्या वर्गाला अर्ज आठवतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पुढच्या विवेचनाला त्याची गरज आहे.

मध्यंतरी माझ्या तीन विद्यार्थ्यांना घेऊन मी ऑपेरा हाउसमध्ये एका गायनाच्या कार्यक्रमाला गेलो होतो. घाटकोपरहून दादर, तिथे गाडी बदलून चर्नी रोड, आणि पूल उतरून चालत. दारात आम्हांला कोणी अडवले नाही. जागा दाखवणारा मुलगा अदबीने वागला. अपमानाची गोष्ट सांगण्यासाठी मी हा प्रसंग लिहीत नाही. आम्ही तिकिटे काढली होती आणि तिकिटाप्रमाणे वर बसलो होतो.

गायिका पाश्चात्य पद्धतीचे गाणे गात होती, साथीला पियानो होता. गाण्याचे शब्द आमच्यापैकी कोणालाच कळत नव्हते. थोड्या वेळाने रमाबाई नगरातून येणारी माझी एक विद्यार्थिनी हळूच म्हणाली, "सर, माईक कुठं दिसत नाही." माईक नव्हताच. त्या बाईचा आवाज तसाच, उघडा, आमच्यापर्यंत येत होता, आणि तिने स्वर अगदी बारीक केला तरी तो तुटत नव्हता. त्या वास्तूचे खरे मोठेपण मला त्या क्षणी कळले. ते झुंबरांत नाही. नाट्यगृह हे एक वाद्य आहे. सतारीला जसा भोपळा तसा गळ्याला हा घुमट. वळणदार भिंती आवाज फेकतात, नक्षीचे उंचवटे तो फोडून सगळीकडे पसरवतात, पडदे, गाद्या आणि माणसांची अंगे जास्तीचा आवाज शोषून घेतात. ध्वनिक्षेपक नसलेल्या काळात मागच्या गॅलरीतल्या माणसाला शब्द ऐकू यावा, म्हणून ज्यांनी हे हिशेब केले त्यांचे कसब नाकारण्याचे कारण नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. दलित जाणिवेने लिहिणारा माणूस असल्या संगीताला परके म्हणून झिडकारील, अशी काहींची अपेक्षा असते. बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते, हे अशांना सांगावे लागते. जगातले जे उत्तम आहे त्यावर आमचा हक्क आहे, ही बाबासाहेबांची शिकवण आहे. तेव्हा माझी तक्रार ऑपेराविषयी नाही. माझा प्रश्न वेगळा आहे, आणि तो या वास्तूच्या जीर्णोद्धारातून निर्माण होतो.

ऑपेरा हाउसचे आयुष्य सरळ गेलेले नाही. ऑपेराचा जमाना लौकरच सरला. मराठी नाटक तिथे आले. बालगंधर्व, दीनानाथ मंगेशकर यांची नावे या रंगमंचाशी जोडलेली आहेत. पृथ्वीराज कपूर यांनी आपली नाटके तिथे केली आणि प्रयोग संपल्यावर ते दारात झोळी घेऊन उभे राहत, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. १९२५ सालापासून तिथे चित्रपट दाखवले जाऊ लागले, आणि पुढे ते मुख्यतः सिनेमाचे थिएटर झाले. १९५२ साली गोंडळच्या राजघराण्याने ते विकत घेतले. १९९३ साली ते बंद पडले, आणि वीसहून अधिक वर्षे बंदच राहिले. नंतर आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली त्याचा जीर्णोद्धार झाला, आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पुन्हा उघडले. २०१७ साली युनेस्कोचा वारसा-संवर्धनाचा पुरस्कारही या कामाला मिळाला. काम अतिशय निगुतीचे आहे, यात शंका नाही.

पण जीर्णोद्धार म्हणजे काय? शंभर वर्षांच्या वास्तूवर शंभर वर्षांचे थर असतात. त्यांतले कोणते ठेवायचे आणि कोणते खरवडून काढायचे हे ठरवावे लागते. म्हणजेच एक तारीख निवडावी लागते. ऑपेरा हाउसच्या बाबतीत भर होता तो सिनेमाच्या काळातले फेरफार बाजूला सारून मूळचे बरोक रूप परत आणण्यावर. दुसऱ्या शब्दांत, वास्तूला तिच्या बादशाही तारखेकडे परत नेण्यात आले.

आता सिनेमाचा काळ म्हणजे कोणाचा काळ, हे पाहा. माझे वडील महापालिकेत सफाई कामगार होते. एकोणीसशे ऐंशीच्या आसपास त्यांनी या थिएटरात चित्रपट पाहिले होते. आम्ही जाऊन आल्यावर मी त्यांना तिथले वर्णन सांगितले, तर ते म्हणाले, "आम्ही खाली पुढं बसायचो. खिडकीवर पैसे टाकले की तिकीट मिळायचं. जात कुणी विचारली न्हाई, सुट्टे पैसे तेवढे विचारायचे." झुंबरे होती का, असे मी विचारले. "अंधारात कोण वर बघतंय?" असे त्यांचे उत्तर. या उत्तरात एक समाजशास्त्र आहे. ज्या चार-पाच दशकांत सफाई कामगार, हमाल, गिरणी कामगार पुढच्या रांगेचे तिकीट काढून त्या घुमटाखाली बसला, तीच दशके वास्तूच्या कथेत 'ऱ्हासाचा काळ' म्हणून येतात. आमचा प्रवेश आणि वास्तूचा ऱ्हास एकाच कालखंडात बसवले जातात. हे कोणी मुद्दाम ठरवून केले आहे असे मी म्हणत नाही. मुद्दाम न ठरवता जे घडते, त्याचेच नाव अभिरुची. आणि अभिरुचीला वर्ग असतो, जात असते, हे दलित साहित्याने कधीच दाखवून दिलेले आहे.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, ती खाजगी मालमत्ता आहे. मालकांनी आपली वास्तू आपल्या आवडीने सजवली, त्यात तुमचे काय गेले? आक्षेप योग्य आहे, आणि मालकांशी माझे भांडणही नाही. पण 'वारसा' हा शब्द उच्चारला की गोष्ट खाजगी राहत नाही. वारसा म्हटला की तो शहराचा होतो, आणि शहर म्हटले की त्यात गिरगाव येते तसे घाटकोपरही येते. म्हणून शहर कोणत्या वास्तूंना वारसा म्हणते आणि कोणत्या तारखा जपते, हे विचारण्याचा अधिकार आम्हांला आहे.

आता दुसऱ्या एका सभागृहाकडे वळू. ना. म. जोशींच्या ज्या सोशल सर्व्हिस लीगचा उल्लेख वर आला, तिचे परळचे दामोदर हॉल हे १९२२ सालचे. ऑपेरा हाउसपेक्षा ते दहा-अकरा वर्षांनीच धाकटे. गिरणगावाच्या मध्यावर उभे असलेले हे नाट्यगृह कामगारांच्या नाटकांचे, हौशी मंडळांचे, कोकणातून आलेल्या कलावंतांचे घर होते. पण आमच्या दृष्टीने त्याची तारीख ९ मार्च १९२४ ही आहे. त्या दिवशी बाबासाहेबांनी या दामोदर हॉलमध्ये सभा बोलावली, आणि तीतून त्याच वर्षी जुलैमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. सभेची कचेरीही दामोदर हॉलमध्येच होती. परळच्या चाळीत राहणारा एक बॅरिस्टर तिथे बसून गाऱ्हाणी ऐकत असे. महाडला जाण्यापूर्वीची चळवळ या नाट्यगृहाच्या आवारात वाढली.

या नाट्यगृहात झुंबरे नव्हती. घुमट नव्हता. बादशहाने त्याचे उद्घाटन केले नव्हते. २०२३ साली पुनर्विकासासाठी ते बंद करण्यात आले. नाट्यकर्मींनी त्याविरुद्ध आवाज उठवला, आणि तो उठवला हे योग्यच झाले. परंतु त्या चर्चेत जे मुद्दे पुढे आले ते बहुतेक प्रेक्षकसंख्येचे, भाड्याचे, पर्यायी नाट्यगृहाचे. ते मुद्दे खरेच आहेत. पण ९ मार्च १९२४ हा मुद्दा किती जणांनी मांडला? आपल्यापैकी किती जणांनी मांडला? ऑपेरा हाउसला जपण्यासाठी जी तारीख पुरेशी ठरते ती बादशहाची. दामोदर हॉलला जपण्यासाठी बहिष्कृतांची तारीख पुरेशी का ठरू नये?

याहीपुढे जाऊन विचार केला पाहिजे. दामोदर हॉलला निदान भिंती होत्या. आमच्या कलेला बहुधा भिंतीच नव्हत्या. ऑपेरा हाउसपासून पायी जाण्याच्या अंतरावर पिला हाउस आहे. 'प्ले हाउस'चे लोकांनी केलेले ते नाव. तिथल्या थिएटरांत तमाशे रंगत. पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, आणि त्यांच्या फडातली पवळा ही आमच्या समाजातली. तिच्या गळ्यावर आणि पायावर पैसा उभा राहत असे. बापूरावांनी तमाशाचे उत्पन्न सत्याग्रहासाठी देऊ केले तेव्हा बाबासाहेबांनी ते नाकारले, असे सांगितले जाते. आमच्या बायका नाचवून मिळालेला पैसा नको, हा त्या नकाराचा आशय. कलेचे मोल करताना ती कला कोणत्या अटींवर उभी आहे हेही पाहावे लागते, असा एक समीक्षेचा सिद्धान्तच या नकारात आहे. आपल्या सौंदर्यशास्त्राने तो अजून पुरता पचवलेला नाही.

त्या नकाराच्या जागी जे उभे राहिले तो आंबेडकरी जलसा. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० नंतरच्या काळात गावोगाव जलसे केले. सत्यशोधक जलशाची परंपरा त्यांच्या पाठीशी होती. तमाशाची चौकट घेऊन, तिच्यातली देवस्तुती आणि शृंगार काढून टाकून, तिथे पाणी, शाळा, मेलेल्या ढोराचे मांस, गावकीची कामे हे विषय आणले गेले. जलशाचे सामर्थ्य बाबासाहेबांनी आपल्या सभांहून मोठे मानले होते, असे जुने कार्यकर्ते सांगत.

आता ध्वनीच्या अंगाने जलशाकडे पाहा. रात्रीची वेळ, उघडे आकाश, महारवाड्याची मोकळी जागा किंवा चाळीचे पटांगण. माईक नाही. शाहीर स्वर वर लावतो. ओळीचा शेवट झीलकरी उचलून धरतात. त्यामुळे लांब बसलेल्याला शब्द दुसऱ्यांदा ऐकू येतो. ढोलकी शब्दांच्या मध्ये बोलते, शब्दांवर बोलत नाही. माणसे तीन बाजूंनी दाटून बसतात, आणि चाळीच्या भिंती आवाज परत फेकतात. युरोपातल्या स्थपतीने लाकूड आणि गिलावा वापरून जो हिशेब केला, तोच हिशेब आमच्या अनक्षर कलावंतांनी माणसांची अंगे आणि चाळीची पडवी वापरून केला होता. दोन्हींमागचा प्रश्न एकच: शेवटच्या माणसाला शब्द ऐकू गेला पाहिजे. फरक एवढाच की, एकाचे वाद्य दगडाचे होते म्हणून ते उरले. दुसऱ्याचे वाद्य माणसांचे होते, आणि कार्यक्रम संपला की ते उठून कामावर जात असे.

म्हणून वारशाची रूढ व्याख्याच आमच्या विरोधात जाते. जी कला इमारतीत राहिली तिची इमारत जपता येते. जी कला उघड्यावर राहिली तिचे काय जपणार? मी राहतो त्या घाटकोपरच्या चिरागनगरात अण्णाभाऊ साठे राहिले. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. त्यांचा रंगमंच म्हणजे मैदान आणि गिरणीचे फाटक. मुलुंडच्या वस्तीतले विलास घोगरे यांचा आवाज आज ऐकायला मिळतो तो आनंद पटवर्धन यांच्या माहितीपटांमुळे. ११ जुलै १९९७ रोजी रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा माणसे मारली गेली, आणि काही दिवसांतच या शाहिराने आपले जीवन संपवले. एक कॅमेरा त्यांच्यापर्यंत पोचला होता म्हणून तो आवाज राहिला. ज्यांच्यापर्यंत तो पोचला नाही अशा शाहिरांची मोजदादही आपल्याकडे नाही.

२०१६ हे साल या दृष्टीने पुन्हा पाहावे. ऑक्टोबरमध्ये ऑपेरा हाउसचे दिवे लागले. त्याच वर्षी २५ जूनच्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन आणि तिथला बुद्धभूषण छापखाना पाडण्यात आला. इमारत धोकादायक होती, असे विश्वस्तांच्या बाजूने सांगण्यात आले. आंबेडकर कुटुंबीयांनी आणि कार्यकर्त्यांनी ते साफ नाकारले, आणि जुलैमध्ये मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. या घटनेत बाहेरच्या कोणाला दोष देऊन आपल्याला सुटका नाही. वाद आपल्याच घरातला होता. पण मोडकळीला आलेली एक वास्तू वीसहून अधिक वर्षे बंद राहूनही शहराच्या दृष्टीने 'वारसा' राहते, आणि दुसरी एका पहाटेत 'धोकादायक' होऊन नाहीशी होते, ही गोष्ट केवळ विटा-चुन्याच्या मजबुतीची नाही. पहिलीच्या मागे जतनाची भाषा जाणणारा वर्ग होता. दुसरीच्या मागे लाखो माणसे होती, पण ती भाषा नव्हती.

ती भाषा आपण कमावली पाहिजे, हे माझे म्हणणे. दलित समीक्षेने आजवर कविता आणि आत्मकथन यांचा कसून विचार केला. छापलेल्या शब्दाला आपण प्रतिष्ठा मिळवून दिली. ती लढाई आवश्यकच होती. परंतु आपला समाज पिढ्यान्‌पिढ्या कानाने शिकला. पहिले दलित साहित्य संमेलन १९५८ साली दादरला एका सभागृहात भरले आणि त्याचे उद्घाटन अण्णाभाऊंनी केले, हे आपण सांगतो. पण अण्णाभाऊंचा आवाज कसा होता, ते ओळ कोठे तोडत, हे सांगणारे लेखन फार थोडे. प्रेमानंद गज्वी यांच्या 'घोटभर पाणी'ची संहिता आपण वर्गात शिकवतो. ती कोणकोणत्या पटांगणांत, कोणत्या उजेडात, किती माणसांपुढे झाली, याची नोंद आपण ठेवत नाही. नाट्यगृहाचा इतिहास लिहायचा झाला तर आपल्याला ऐकण्याच्या जागांचा इतिहास लिहावा लागेल. त्यात दामोदर हॉल येईल, पिला हाउस येईल, चिरागनगर येईल, प्रत्येक वस्तीतला तो चौक येईल जिथे चौदा एप्रिलच्या आदल्या रात्री गाणी होत.

हे काम मोठ्या निधीवाचून सुरू होऊ शकते. माझ्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना मी या वर्षी एक काम दिले आहे: आपापल्या वस्तीतल्या सर्वांत वृद्ध गायकाला किंवा गायिकेला भेटायचे, त्यांची गाणी आणि ती कुठे गायली जात त्या जागेचे वर्णन उतरवून आणायचे. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे; आवाज साठवायला आज कोणाची परवानगी लागत नाही. प्रत्येक महाविद्यालयातल्या मराठी विभागाने असे केले तर दहा वर्षांत एक संग्रह उभा राहील.

आणि दामोदर हॉलच्या जागी जे काही उभे राहील त्यात ९ मार्च १९२४ ची नोंद दर्शनी भागात असावी, अशी मागणी आपण आजच लेखी केली पाहिजे. ऑपेरा हाउसमध्येही आपण गेले पाहिजे, तिकीट काढून, आपल्या मुलांना घेऊन. गळ्याला घुमट कसा लागतो ते त्यांना कळले पाहिजे. पण तिथून परतताना त्यांच्याजवळ दोन तारखा असाव्यात. एक बादशहाची, ती भिंतीवर आहेच. दुसरी परळच्या सभेची, ती आपल्याला लिहायची आहे.